वाचकांचे प्रश्न : गोधडीखालून येणारा फंक

प्रश्न : 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या बँडच्या 'देअर्स अ रायट गोइन ऑन' (१९७१) या फंक, म्हणजे ठेक्यावर उभ्या असलेल्या अमेरिकन नाचऱ्या संगीताच्या, अल्बमची एलपी (रेकॉर्ड) घेतली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) वाढवला तर नुसती सरसर वाढते. सुई गेली की रेकॉर्ड खराब निघाली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहेत. खात्रीसाठी याच बँडचा १९६९चा 'स्टँड!' त्याच यंत्रावर, एकही बटण न हलवता लावा. त्यातल्या झांजा आणि ट्रम्पेट खणखणीत वाजले, तर दोष तुमच्याकडे नाही. तोही दबका वाजला, तर सुईच्या टोकाला धूळ चिकटली आहे का बघा. कोरड्या मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. आडवं झाडलं तर सुईची दांडी वाकू शकते. सुईवरचं वजनही तपासा. घरगुती मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या नेहमीच्या डबीला) साधारण दीड ते दोन ग्रॅम लागतं, नेमका आकडा सोबतच्या कागदावर असतो. मात्र वजन कमी पडलं तर आवाज सहसा फाटतो, 'स' आणि 'श' चरचरतात. तुमची तक्रार तशी नाही.

हा दबकेपणा मूळ टेपवरच आहे. बँडचा म्होरक्या स्लाय स्टोनने या अल्बमची बरीच वाद्यं स्वतः, एकेक करून वाजवली. केलेलं पुसायचं, त्याच टेपवर पुन्हा भरायचं, असं अनेकदा झालं. टेप प्रत्येक वेळी यंत्राच्या हेडवर (ध्वनी भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावर) घासते आणि वरचा चुंबकीय थर झिजतो. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने फिरत असेल, तर १०० हर्ट्झच्या स्वराची एक लहर टेपवर जवळपास ४ मिलिमीटर लांब पडते. १० किलोहर्ट्झची जेमतेम ०.०४ मिलिमीटर, आणि तीही अगदी पृष्ठभागावर. त्यामुळे झीज झाली की झांजांची चमक आधी जाते, बास (खालच्या पट्टीचा आवाज) शाबूत राहतो.

म्हणूनच ट्रेबल वाढवून उपयोग नाही. वरच्या पट्टीत संगीत फारसं उरलेलं नाही. वाढते ती टेपची सरसर. इक्वलायझर (आवाजाची प्रत्येक पट्टी वेगळी कमी-जास्त करणारं साधन) असेल तर उलट करा : २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल कमी करा. बासचा चिखल थोडा निवळतो आणि गिटार वर येते. याहून जास्त काढू नका, नाहीतर अल्बमचा रंगच जाईल. आमच्या मते तो दबकेपणा आता त्या संगीताचाच भाग आहे.

प्रश्न : हिप-हॉप ऐकत वाढलो. ड्रम मशीन माझ्या कानाला नेहमीचंच. मग 'देअर्स अ रायट गोइन ऑन'मध्ये एवढं काय आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मशीन ऐकू नका, मशीन आणि माणूस यांच्यातली फट ऐका. या अल्बममधलं ड्रम मशीन, मॅस्ट्रो ऱ्हिदम किंग, प्रोग्राम करता येत नसे. ब्राझीलच्या बोसा नोव्हासारखे तयार ठेके, निवडायला बटणं, वेगासाठी एक खुंटी, बस्स. ऑर्गनवाल्याला साथ म्हणून बनवलेलं हे खेळणं स्लायने फंकला जुंपलं.

या अल्बममधलं 'फॅमिली अफेअर' तीनदा ऐका. आधी फक्त मशीनची टिकटिक. मग बास गिटार आणि पाहुणा वादक बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो. टिकटिक तबल्याच्या साथीला वाजणाऱ्या लेहऱ्यासारखी जागची हलत नाही, ही वाद्यं मात्र तिच्या किंचित मागे रेंगाळतात. तिसऱ्यांदा गळे : स्लायचा खर्जातला, झोपाळलेला, आणि धृपदात त्याची बहीण रोझ. एवढं सुस्त गाणं डिसेंबर १९७१मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं!

नंतर 'थँक यू' हे बँडचं १९६९चं गाणं लावा, आणि लगेच या अल्बमचा शेवट, 'थँक यू फॉर टॉकिन टू मी आफ्रिका'. शब्द जवळपास तेच, लय मात्र उतरलेली. पहिल्यात बँडचा बासवादक लॅरी ग्रॅहमने अंगठ्याने तार आपटून काढलेला बास नाचवतो. दुसऱ्यात तीच सम इतक्या उशिरा येते, की पाय आधीच पडून वाट बघत राहतो. दोन्ही सारख्याच आवाजात ऐका, नाहीतर मोठा वाजलेला उगाच सरस वाटतो.

प्रश्न : अल्बमच्या नावाचंच गाणं वाजत नाही. फाइल बिघडली आहे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. एलपीच्या पहिल्या बाजूच्या शेवटी त्याची वेळच ०:०० छापली होती. सीडीवर ती चार सेकंदांची शांतता झाली. तुमच्याकडे २००७ची आवृत्ती असेल, तर शेवटी चार जादा ट्रॅकही असतील. पहिल्या ऐकण्यात 'थँक यू फॉर टॉकिन टू मी आफ्रिका' संपताच थांबा. ते चार मूळ अल्बमचे नव्हेत.