वार पुरण्याआधी जरा उलटून बघा

प्रश्न : माझी एचएफ क्रॉस गाय सातव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलंच पडलं, वार (जार, पोटात वासराभोवती असते ती) दोन दिवस लोंबत होती, शेवटी बायकोने हातानेच ओढून काढली. वारेवरच्या गोल गाठी पिवळट पडलेल्या, आणि मधला पडदा चपलेच्या चामड्यासारखा जाड. लोक म्हणतात कॅल्शियम कमी पडलं. खरंय का? बायकोला तेव्हापासून अधूनमधून ताप येतोय.
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : दादा, कॅल्शियम कमी पडलं तर वार अडकते हे खरं, पण त्याने गाठी पिवळ्या नाही पडत. गाईच्या वारेवर अशा ७० ते १२० गाठी असतात, गर्भाशयाच्या गाठींना त्या बटणासारख्या बसतात आणि वासराचं खाणंपिणं, ऑक्सिजन सगळं तिथूनच. चांगली गाठ गर्द लाल, स्पंजासारखी असते, मधला पडदा इतका पातळ की पलीकडचं दिसावं. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय ब्रुसेला नावाच्या जंतूवर आहे. या जंतूला वारेतली एरिथ्रिटॉल नावाची साखर भारी मानवते, तो तिथे वाढतो, गाठी सडतात, पडदा सुजून जाड होतो, मग वासरू उपाशी गुदमरतं आणि सुजेमुळे वारही सुटत नाही. बुरशी लागलेल्या चाऱ्यानेही गाठी जाड होतात, पण तेव्हा कधीकधी वासराच्या कातडीवर गजकर्णासारखे चट्टे दिसतात. तसं होतं का, आठवून बघा.

नक्की काय ते टेस्टच सांगेल. गाभडल्या गाभडल्या घेतलेलं रक्त कधीकधी निगेटिव्ह येतं म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत द्या. पुढच्या वेळी वारेचा तुकडा बर्फात ठेवून दवाखान्यात पोचवा, उरलेली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना अजिबात मिळू देऊ नका. आणि वार ओढायची नाही, अगदी १२ तास उलटून गेले तरी नाही, डॉक्टरला बोलवा. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच देतात, सरकारी मोहिमेत ती मिळते. गाभण गाईला ती टोचू नका.

आता वहिनींचं. हाच जंतू माणसालाही होतो, उघड्या हाताने वार काढली तर जास्तच, आणि ताप असाच येतो-जातो, सांधे दुखतात. उद्याच दवाखान्यात न्या आणि गाय गाभडली होती, वार हाताने काढली होती हे तिथे आपणहून सांगा, नाहीतर साधा ताप समजून गोळ्या देऊन घरी पाठवतील. तोपर्यंत दूध उकळूनच प्या.