बिजागरीचं काय?

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. कार्बन फायबरच्या दारानं गाडीचं वजन किती उतरेल, तो तक्ता झकास जमलाय. पण ते दार बिजागरीला धरणार कसं, यावर एक ओळ नाही. मी तिथेच अडकलो.

पोलाद पाण्याच्या ७.८५ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट. आकडा बघून हुरूप येतो. पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो आणि वजन तिसऱ्या हिश्शावर न येता निम्म्यावर थांबतं. जोडायची तऱ्हाही बदलते. फोर्डनं २०१५ च्या एफ-१५० या पिकअप ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा रिव्हेट आणि चिकटद्रव्यावर भर द्यावा लागला.

तुझ्या यादीत ट्राबांट ही पूर्व जर्मन गाडी नाही, याचं वाईट वाटलं. लोक तिला पुठ्ठ्याची गाडी म्हणून हसतात. पूर्व जर्मनीत पत्र्याची टंचाई. मग त्स्विकाउच्या कारखान्यात सोव्हिएत कापसाचा टाकाऊ भाग फेनॉलिक रेझिनमध्ये (तापवलं की घट्ट होणारं चिकट रसायन) मुरवून गरम प्रेसखाली दाबत. सांगाडा मात्र पोलादी. १९५७ ते १९९१, सुमारे ३० लाख गाड्या. वरचे पॅनेल गंजत नसत, आतला सांगाडा गंजे! आणि हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे गाड्या भंगारात निघाल्यावर पॅनेलचं करायचं काय, हा घोर लागला. तुझ्या कार्बन फायबरला बांधून ठेवणाऱ्या इपॉक्सी रेझिनचंही तेच होणार.

आता माझी फजिती. भोसरीच्या एका शेडमध्ये आम्ही टेम्पोची केबिन काचेच्या फायबरची केली. घाईत थरांतली हवा काढणारा रोलर नीट फिरवला नाही, कोपऱ्यात हवा राहिली. वरून जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर, आरशासारखा. नाण्यानं टकटक केलं तर एके ठिकाणी बद्द आवाज, आणि नेमका तिथेच बिजागरीचा बोल्ट. दोन महिन्यांत बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. पुढच्या केबिनला मॅटच्या (काचेच्या तंतूंच्या चटईच्या) थरांतच पोलादी पट्टी गाडली, तेव्हा कुठे दार टिकलं.

तू कार्बनला ॲल्युमिनियमची पट्टी लावशील तर थेट टेकवू नकोस. ओल लागली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये काचेच्या मॅटचा एक थर दे.

आणि अख्खं दार आत्ताच नको. बिजागरीजवळचा वीतभर तुकडा कर, त्याला वाळूचं पोतं आठवडाभर टांग. घासताना मास्क हवाच, ती खाज मी तीन-तीन दिवस भोगलीय. तुकडा रविवारी घेऊन ये.