पाऊल पडलं की सुई उडते

मागच्या अंकात जुनं टर्नटेबल घेताना काय बघायचं ते लिहिलं होतं, त्यावर आलेले निम्मे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, हादरे. म्हणून ह्या खेपेला फक्त हादरेच. कुठला अॅम्प घेऊ विचारणाऱ्यांनी जरा दम धरा, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत.

प्रश्न : आमची गिरगावातली चाळ जुनी, दुसरा मजला, खाली लाकडी तक्तपोशी. वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या बऱ्याच एलपी आहेत म्हणून मुलाने बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणून दिलं, ते शोकेसवर ठेवलंय. कोणी नुसतं स्वयंपाकघरात गेलं तरी सुई हलते आणि नात पळत आली तर गाणं अस्ताई सोडून थेट अंतऱ्यात जातं. ऑनलाइन मऊ रबरी पॅड मागवून खाली लावले तर मला वाटतं उलट वाढलंय, घरचे म्हणतात तुमचा भ्रम आहे. पॅडने वाढू शकतं का?

उत्तर : भ्रम नाही आजोबा, वाढू शकतं, घरच्यांना हे वाचून दाखवा.

रबर असो, स्प्रिंग असो नाहीतर अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब, तिच्यावर वजन ठेवलं की त्या जोडीची स्वतःची एक झुलायची फ्रिक्वेन्सी ठरते, म्हणजे सेकंदाला किती वेळा झुलायचं ते, हर्ट्झमधे. ती काढायला इंजिनियर लागत नाही, वजनाने पॅड किती मिलिमीटर दबला ते पट्टीने मोजायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १६ ला त्याने भागायचं. १ मिलिमीटर दबला तर साधारण १६ हर्ट्झ, ४ दबला तर ८, २५ दबला तर ३ च्या जरा वर. रबराचा खरा आकडा ह्याहूनही वरच येतो, कारण हलताना ते जास्त कडक वागतं. आता मेख अशी की ह्या आकड्याच्या साधारण १.४ पट वर गेल्यावरच पॅड हादरा अडवायला लागतो, त्याच्या बराच खाली तो असून नसल्यासारखा, आणि नेमका त्या आकड्याला आलेला हादरा तो मोठा करून वर पाठवतो. तुमचे पॅड टर्नटेबलच्या वजनाने एखाद दुसरा मिलिमीटर दबले असतील, म्हणजे ११ ते १६ हर्ट्झ. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला दोनेक पावलं पडतात, आणि त्या धक्क्यांनी लाकडी जमीन तिच्या स्वतःच्या तालात डुलते, तो ताल बहुतेकदा ८ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी असतो. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची सुईची डबी) ह्यांची जोडी मुळातच ८ ते १२ हर्ट्झला झुलेल अशी जुळवलेली असते. म्हणजे जमीन, पॅड आणि आर्म तिघांचं नाचायचं ठिकाण एकच झालं, मग सुई उडणार नाही तर काय.

मग जास्त मऊ काहीतरी लावू का, असं तुमच्या मनात येईल, पण लाकडी जमिनीवर ते आगीतून फुफाट्यात जाणं आहे. ३ हर्ट्झवर झुलणारं टेबल पावलांच्या दोन-चार हर्ट्झच्या धक्क्यांनीच होडीसारखं डोलायला लागतं. १९६१ मधे अमेरिकेत एडगर व्हिलचर ह्यांच्या एआर कंपनीने आर्म आणि प्लॅटर (रेकॉर्ड फिरते ती तबकडी) दोन्ही एका सांगाड्यावर धरून तो स्प्रिंगवर तरंगता ठेवला, पुढे थोरेन्स आणि लिन ह्या टर्नटेबलच्या कंपन्यांनी तेच तंत्र उचललं, आणि पक्क्या जमिनीवर ही टेबलं फार छान वाजतात. पण लाकडी जमिनीच्या घरात ती बाळगणारे लोक गाणं चालू असताना चवड्यांवर चालतात, हे जगभर असंच आहे.

तुमच्याकडे सरळ उपाय म्हणजे जमीनच सोडा आणि भिंत धरा. जुन्या चाळीची बाहेरची भिंत जाडजूड विटांची असते, तिच्यावर लोखंडी अँगलचे दोन ब्रॅकेट आणि वर १८ मिलिमीटरचा प्लाय, बस. शेल्फ हलकं आणि ताठ हवं, खाली मऊ काही नको. दोन खोल्यांमधलं फळ्यांचं पार्टिशन चालणार नाही, ते जमिनीबरोबरच हलतं. आणि बांधकाम चुन्यातलं असेल तर फुगणारे अँकर बोल्ट ठोकू देऊ नका, जुनी वीट आतून फुटते आणि महिन्याभराने सगळं ढिलं, लांब स्क्रू आणि नायलॉनचे प्लग नाहीतर केमिकल अँकर. भिंतीला भोक पाडायला घरमालक तयार नसेल तर निदान शोकेस अशा जागी सरकवा जिथे तुळयांची टोकं भिंतीत शिरतात, तिथे जमीन सगळ्यात कमी डुलते. खोलीच्या मधोमध सगळ्यात जास्त. आणि ते पॅड काढून टाका, आजच.

प्रश्न : सर, माटुंग्याला ट्रॅकच्या अगदी बाजूला राहतो, आरसीसी बिल्डिंग, तिसरा मजला. रेकॉर्ड चालू असताना वूफरचे कोन (बेसच्या स्पीकरचे पडदे) मागेपुढे हलताना दिसतात, आवाज काही येत नाही. मला वाटतं लोकलमुळे होतंय. स्प्रिंग लावू का? लावले तर कुठले?

उत्तर : आधी गुन्हेगार लोकल आहे का ते तरी बघू या. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. कोनचं हलणं प्रत्येक फेऱ्याबरोबर येत असेल तर तुमची रेकॉर्ड वाकडी आहे, लोकलचा काही संबंध नाही. रेकॉर्डची वाक सेकंदाला काही वेळा सुईला वरखाली करते आणि फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) इमानेइतबारे ते अॅम्पला देते. त्याला इलाज सबसॉनिक फिल्टर, साधारण २० हर्ट्झच्या खालचं कापणारा, बऱ्याच फोनो स्टेजवर त्याचं बटण असतं आणि लोक ते कधीच दाबत नाहीत. आर्म आणि कार्ट्रिजचं गणितही एकदा मांडून बघा, १५९ भागिले वर्गमूळ, वर्गमूळ कशाचं तर आर्मचं इफेक्टिव्ह वजन अधिक कार्ट्रिज अधिक स्क्रू, ग्रॅममधे, गुणिले कार्ट्रिजचा कंप्लायन्स, म्हणजे सुई किती लवचीक आहे त्याचा कंपनीने छापलेला आकडा. समजा १२ अधिक ६ अधिक १ आणि कंप्लायन्स १५, तर उत्तर ९.४ हर्ट्झ, झकास. ६-७ च्या खाली आलं तर वाकड्या रेकॉर्डवर कोन नाचणारच. एक सांभाळा, काही जपानी कंपन्या कंप्लायन्स १०० हर्ट्झला मोजून छापतात, तो आकडा जसाच्या तसा ह्या सूत्रात घालायचा नाही, खरा त्याहून बराच जास्त असतो.

लोकलसाठी टेस्ट वेगळी. मोटर बंद करा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, व्हॉल्यूम नेहमीएवढा ठेवा आणि फास्ट लोकल जाईपर्यंत वाट बघा, माटुंग्यात काही फार वाट बघावी लागणार नाही. स्पीकरमधून गुरगुर आली तर हादरा खरोखर सुईपर्यंत पोचतोय. मग बोटाच्या पेराने शेल्फवर टकटक करा, किती जोरात ऐकू येतं ते लक्षात ठेवा, नंतर तुलना करायला उपयोगी पडतं. फोनमधे फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, फोन शेल्फवर ठेवला की कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हलतंय त्याचा आलेख दाखवतं. बारीक हादरे फोनच्या सेन्सरला दिसत नाहीत, पण पावलं आणि जवळून गेलेली गाडी दिसते.

गाड्यांचे जमिनीतून येणारे हादरे बहुतेक १० ते ८० हर्ट्झमधले, आणि तुमचा स्लॅब पक्का आहे, म्हणजे इथे स्प्रिंग खरंच कामाला येतात. टर्नटेबल ८ किलोचं धरू, त्याच्याखाली ४ किलोची एक फळी, सगळे मिळून १२, चार स्प्रिंग म्हणजे प्रत्येकीवर ३ किलो. २५ मिलिमीटर दबायला हवी, म्हणजे एक सेंटिमीटर दाबायला सव्वा किलो लागेल अशी स्प्रिंग. घेताना स्वयंपाकघरातला वजनकाटा बरोबर न्या, त्यावर स्प्रिंग उभी धरून हाताने एक सेंटिमीटर दाबा आणि काटा वाचा, दुकानदार हसेल, हसू दे. नागदेवी स्ट्रीटवर स्प्रिंगची दुकानं आहेत, मापाने बनवूनही मिळतात. लांबी एवढी हवी की दबल्यावरही वेढे एकमेकांना टेकणार नाहीत, आणि रुंदी जवळपास उंचीएवढी, नाहीतर टेबल कडेला कलतं. असं जमलं तर २० हर्ट्झचा हादरा चाळिसावा भाग होऊन वर जातो, १० हर्ट्झचा नववा. मोटरची बाजू जड असते म्हणून चारही स्प्रिंग सारख्या अंतरावर ठेवल्या तर टेबल तिरकं बसतं, प्लॅटरवर स्पिरिट लेव्हल ठेवून स्प्रिंग सरकवत बसायचं, एक दुपार जाते त्यात. झुलणं लवकर थांबावं म्हणून स्प्रिंगच्या आत सैलसर स्पंज कोंबा. स्प्रिंग गॅल्व्हनाइझ केलेल्या घ्या, आपल्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत लाल होतं.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर बघायचं तर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायचीय, केंद्राने २०२३ मधे मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोमधे ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीच्या शेवटी टांगलेत, कारण एका झुलत्या टप्प्याने जेवढं अडतं त्याच्या कित्येक पट चार टप्प्यांनी अडतं. तुम्ही एकच टप्पा करा.

प्रश्न : डीलर म्हणतो डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारा डबा), स्ट्रीमर (नेटवरून गाणी घेणारा) आणि अॅम्प तिघांच्या खाली आयसोलेशन फीट, म्हणजे हादरे अडवणारे पाय लावा, आवाजाचं स्टेज एकदम उघडतं, सेटचे चाळीस हजार. केबल जमिनीवरून उचलायचे स्टँडही घ्या म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : नको.

हादऱ्याचा त्रास त्यालाच होतो ज्याच्यात हलण्याचं विजेत रूपांतर होतं. सुई तेच काम करते म्हणून तिला होतो. व्हॉल्व्ह अॅम्पमधल्या नळ्यांना होतो, आतल्या जाळ्या हलल्या की आवाज येतो, पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने नळीला हळूच टिचकी मारा, स्पीकरमधून टिंग आलं तर ती नळी बदला किंवा खाली मऊ पॅड द्या. डॅकच्या क्रिस्टलवरही हादऱ्याचा परिणाम होतो, अगदीच खोटं नाही ते, पण तो एक जी (गुरुत्वाकर्षणाच्या ओढीएवढ्या) धक्क्याला अब्जातला एखादा भाग, आणि तुमच्या हॉलमधे एक जीचा हजारावा भागसुद्धा मुश्किलीने असतो. सीडी प्लेयर तर चुका दुरुस्त करतच वाचतो, उडी मारत नसेल तर तो ठीक आहे. केबल हवेत टांगण्याबद्दल मी काही बोलत नाही, संपादक शब्द कापतात. चाळीस हजारांत चांगलं कार्ट्रिज येतं, फरक तिथे ऐकू येईल.

प्रश्न : मुलुंडला टॉवरमधे बारावा मजला. सबवूफर घेतल्यापासून खालच्या काकू दर शनिवारी वर येतात. मी मीटर अॅप दाखवलं, रीडिंग पन्नासच्या आत, तरी त्यांचं म्हणणं भांडी हलतात. सबच्या खाली स्पाइक (टोकदार धातूचे पाय) लावले की पॅड?

उत्तर : मीटर खरं बोलतोय आणि काकूही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळात ४५ डेसिबल, पण ते मोजायचे ए वेटिंगने, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे आवाज कमी धरून, आणि ए वेटिंग ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबल कमी करून दाखवतं. म्हणजे बेस मीटरला जवळपास दिसतच नाही आणि काकूंच्या मांडणीवरच्या पेल्यांना मात्र बरोबर कळतो.

स्पाइक अजिबात नको. स्पाइक अडवत नाहीत, ते स्पीकरला जमिनीशी घट्ट जोडतात, वर लादीला टवके पडतात ते वेगळेच. पॅड लावा, पण दबणारे, आणि अपेक्षा माफक ठेवा, कारण पॅड फक्त पायातून जाणारा हादरा अडवतो. बाकीचा बेस हवेतून जाऊन स्लॅबलाच हलवतो आणि त्याला पॅड काय करणार. सब कोपऱ्यातून बाहेर काढा, कोपऱ्यात बेस फुकटचा फुगतो, मग लेव्हल चार-सहा डेसिबल खाली घ्या, आणि ऐकायची खुर्ची जिथे बेस भरतो तिथे सरकवा म्हणजे तुम्हाला कमी झाल्यासारखं वाटणार नाही. दहानंतर सब बंद. नवीन मायव्हानच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) बिल्डिंगमधे भिंतीसुद्धा आरसीसीच्या असतात त्यामुळे हादरा दोन-दोन मजले फिरतो, तेव्हा शेजारच्यांनाही एकदा विचारून घ्या, काकू एकट्याच बोलून दाखवत असतील.

प्रश्न : अॅम्प चालू केला की सागवानी कपाटातून गुणगुण येते. स्पीकरमधून नाही, कपाटातून.

उत्तर : ट्रान्सफॉर्मर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्याच्या आतल्या लोखंडी पट्ट्या दुप्पट, १०० हर्ट्झला कंपतात, आणि कपाटाची फळी ते मोठं करते. अॅम्प उचलून हातात धरा, आवाज गेला तर खाली चार निओप्रीनचे तुकडे, काम झालं. हातात धरूनही गुणगुणत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट ढिला असेल, प्लग काढून मेकॅनिककडे.

प्रश्न : किचनचं काम काढलंय, कडप्प्याचा एक तुकडा उरलाय. टर्नटेबलच्या खाली घातला तर फायदा?

उत्तर : नुसता शेल्फवर ठेवून फारसा नाही. जड वस्तू हादरा अडवते हा गैरसमज आहे, खाली काही दबणारं नसेल तर दगड शेल्फबरोबरच हलतो. पण वरच्या माटुंग्याच्या उत्तरातल्या फळीच्या जागी तो घातला तर उत्तम, तीच स्प्रिंग जास्त दबते आणि फ्रिक्वेन्सी आणखी खाली जाते, फक्त वजन वाढलं की स्प्रिंगचं गणित परत करा. आधी दगड दोन बोटांवर तोलून टिचकी मारा, घंटेसारखा वाजला तर खालच्या बाजूला बिट्युमेनची शीट चिकटवा, गाडीच्या दरवाज्यात आतून लावतात ती. आणि दगडाखाली गादीचा स्पंज घालायचा विचार असेल तर मुंबईत नको, दमट हवेत त्याचा काही वर्षांत पिठासारखा भुगा होतो आणि एका कोपऱ्यातून टेबल खाली बसतं.