वजन जुळलं एवढ्यावर नाव देऊ नकोस

तुझा मेल दोनदा वाचला. बॅसिलस जिवाणूमधून काढलेला पदार्थ बुरशी मारतोय, मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूचं वजन दाखवणाऱ्या आलेखात, 1043.5 चा पीक आलाय, डेटाबेस म्हणतो इट्युरिन ए, गाइड म्हणतात लिहून टाक, आणि तुझं मन मात्र तयार होत नाही. मग नको लिहूस. वजन म्हणजे रचना नव्हे.

इट्युरिन ए आणि त्याचा सख्खा भाऊ मायकोसबटिलिन शेजारी ठेवून बघ. दोन्हीत सात अमिनो आम्लं आणि एक बीटा-अमिनो फॅटी ॲसिड, गोल बांधलेली. एकात शेवटी ॲस्पॅराजिन मग सेरीन, दुसऱ्यात आधी सेरीन मग ॲस्पॅराजिन, बस. फॅटी ॲसिडच्या शेपटीची लांबी सारखी असली की वजन तंतोतंत एकच, मग मशीन कितीही भारी असू दे, नुसतं वजन घेऊन ते काय सांगणार गं? एमएस-एमएस कर, म्हणजे रेणू फोडून तुकड्यांची वजनं बघ, पण रिंग कुठूनही फुटू शकते, तुकडे जपून वाच.

मीही असंच न तपासता लिहून टाकलं होतं. चार मिलिग्रॅम माल, महिनोन्‌महिने शुद्धीकरणाचे कॉलम चालवून जमवलेला, हायड्रोलिसिसमध्ये, म्हणजे ॲसिडने तोडण्यात, घालवायला जीव होईना, म्हणून कुठलं अमिनो आम्ल डी आणि कुठलं एल (एकमेकांची आरशातली रूपं) ते जुन्या पेपरवरून उचलून लिहिलं. पुढे दुसऱ्या ग्रुपने तोच रेणू बनवला आणि त्याचा एनएमआर, म्हणजे रचना दाखवणारा स्पेक्ट्रम, आमच्याशी जुळलाच नाही. फंडिंग संपत आलं होतं, दोन मुलांचे थीसिस अडले होते, माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं असं मी अजूनही म्हणतो. पण एक मिलिग्रॅम बाजूला काढता आला असता. नाही काढला.

तू काढ. 6 नॉर्मल एचसीएल, 110 डिग्री, रात्रभर, मग मार्फी रिएजंट, त्याने डी आणि एल कॉलमवर वेगळे दिसतात. ॲस्पॅराजिनचं ॲस्पार्टिक होऊन जाईल, घाबरू नकोस. त्यात डी दोन आणि एल एक आलं, सेरीन एल आलं, तर इट्युरिन. डी एक आणि एल दोन, सेरीन डी, तर मायकोसबटिलिन. पण यातून फक्त किती ते कळतं, कुठलं कुठे बसलंय ते नाही, त्यासाठी अर्धवट हायड्रोलिसिस करून तुकडे वेगळे काढावे लागतील आणि हो, वेळ जाईल, जाऊ दे! परत सांगतो, वजन म्हणजे रचना नव्हे.

एनएमआर ड्यूटेरेटेड डीएमएसओत घे, मिथेनॉलमध्ये एनएचचे सिग्नल उडतात. आणि मार्फीचा क्रोमॅटोग्राम आला की मला पाठव, डी-सेरीनचं स्टँडर्ड त्याच दिवशी त्याच कॉलमवर चालवलेलं हवं.