चार तऱ्हांची चिप आणि आखडलेला हात

माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या आसपासच्या माणसांपैकी अनेकांची तक्रार, शब्द बदलले तरी, एकच असते: हौसेने एखादी गोष्ट शिकायला घेतली, चार जाणत्यांकडून चार पद्धती समजून घेतल्या, आणि आता पूर्वी सहज जमत होते तेही जमेनासे झाले. कुणी पेटी शिकत असते, कुणी पोहणे. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर ही तक्रार गोल्फच्या रूपाने आली, आणि रत्नागिरीत कुणी गोल्फचे दुखणे घेऊन समुपदेशनाला येईल हे मला इतके अनपेक्षित होते की पहिली काही मिनिटे नेमके काय विचारावे हेच मला सुचेना.

हे गृहस्थ व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून इथे मी त्यांना चीफसाहेब म्हणेन. हा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. निवृत्तीनंतर ते गावच्या घरी नारळ-सुपारीच्या वाडीत राहू लागले होते. महिन्यातून एकदा कोकण रेल्वेने पनवेलला मुलाकडे जायचे आणि खारघरच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर जुन्या सहकाऱ्यांबरोबर दोन सकाळी खेळायचे, हा त्यांचा क्रम होता. भेटीची वेळ त्यांच्या पत्नीने घेतली होती. "चार महिने झाले, पाठ दुखते म्हणून खेळायला जात नाहीत, आणि परवा नारळांची गोणी एकट्याने उचलून पडवीत आणून ठेवली," एवढेच त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

त्रास लांबच्या फटक्यांत नव्हता. चेंडू ग्रीनच्या, म्हणजे ज्या होलमध्ये चेंडू घालायचा त्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, अगदी जवळ, झेंडीपासून दहा-पंधरा पावलांवर आला की त्यांचा हात आखडत असे. तेथून चेंडू थोडा उचलून ग्रीनवर टाकायचा आणि पुढे होलकडे घरंगळू द्यायचा, या लहानशा फटक्याला चिप म्हणतात. तो सुधारावा म्हणून त्यांनी दोन प्रशिक्षकांकडे धडे घेतले होते आणि रात्री जागून असंख्य व्हिडिओ पाहिले होते. शेवटच्या खेळात ते चेंडूवर इतका वेळ उभे राहिले की मागचे चौघे येऊन थांबले. मग मनगटाला झटका बसला आणि एकाच हालचालीत चेंडूला दोनदा क्लब, म्हणजे मारायची काठी, लागला. कुणी हसले नाही, आणि तेच त्यांना अधिक लागले. "दोनशे यार्डांचा फटका चुकला तर माणूस वाऱ्याला दोष देतो, मॅडम, दहा पावलांचा चुकला तर कुणाला देणार? वय झाले म्हणायचे, की डोके बिघडले?"

हात आपोआप झटका देतो असे कुणी सांगितले की मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. गोल्फमध्ये या झटक्याला यिप्स म्हणतात, आणि काही खेळाडूंमध्ये त्याचे मूळ भीतीत नसून स्नायूंवरील नियंत्रणाच्या बिघाडात असते. सही करताना, चहाचा कप धरताना किंवा सदऱ्याची बटणे लावताना असे होते का, आणि एकटे असतानाही होते का, हे मी विचारले. कशातही होत नव्हते, आणि वाडीत एकट्याने चेंडू मारताना तर कधीच झाले नव्हते. तपासणीतही काही आढळले नाही.

त्यानंतरची चूक माझी. मी त्यांना श्वास मोजण्याचा एक साधा व्यायाम दिला आणि चेंडूवर उभे राहिल्यावर तो करायला सांगितला. पंधरा दिवसांनी ते शांतपणे म्हणाले, "आधी डोक्यात चार आवाज होते, आता तुमचा पाचवा." मला हसू आले, पण नंतर ओशाळल्यासारखेही वाटले, कारण गोल्फ समजून न घेताच मी उपाय दिला होता. मी त्यांना म्हटले, "साहेब, आता तुम्हीच मला शिकवा." पुढच्या खेपेस ते तीन क्लब आणि चार चेंडू घेऊन आले, आणि माझ्या कक्षातील सतरंजीवर दीड तास वर्ग चालला.

पहिली तऱ्हा पटिंगसारखी, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवतात तशी. पावले जवळजवळ, वजन पुढच्या पायावर, मनगटे स्थिर, आणि खांद्यांतून लहानसा झोका. हालचाल तीच ठेवायची आणि क्लब मात्र अंतर पाहून बदलायचा. त्यासाठी खेळाडू बाराचा हिशेब वापरतात: बारातून आयर्नचा, म्हणजे लोखंडी तोंडाच्या क्लबचा, नंबर वजा केला की उरलेल्या आकड्याइतके भाग चेंडू घरंगळतो आणि एक भाग हवेत जातो. सात नंबरने एकास पाच, आठने एकास चार. वेज म्हणजे चेंडू अधिक उंच उचलणारे, तिरप्या तोंडाचे क्लब; त्यांतल्या पिचिंग वेजला दहा धरले तर एकास दोन, सँड वेजला अकरा धरले तर एकास एक. चेंडूपासून होल बारा पावलांवर असेल आणि दोन पावले ओलांडली की ग्रीन लागत असेल, तर सात नंबर. होल नऊ पावलांवर आणि ग्रीन तिसऱ्या पावलावर सुरू होत असेल, तर पिचिंग वेज. हा हिशेब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनचा. चढ किंवा ओलावा असेल तर घरंगळणे कमी होते. ग्रीनजवळच्या लहान फटक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पॉल रनयन यांची चिपची पद्धतही पटिंगच्या वळणाची होती. त्यांनी १९३८ च्या पीजीए स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कितीतरी लांब मारणाऱ्या सॅम स्नीड यांना ८ आणि ७ अशा फरकाने, म्हणजे सात होल बाकी असतानाच आठ होलांची आघाडी घेऊन, हरवले होते, हे सांगताना चीफसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला.

दुसरी तऱ्हा चेंडू मागच्या पायाकडे घेऊन, हात पुढे दाबून, खाली ठोकण्याची. तिसरी बरोबर उलट: चेंडू मध्यभागी, दांडा जवळजवळ सरळ, सँड वेजचे तोंड किंचित उघडे, आणि क्लबचा तळ गवतावरून सरकू द्यायचा. या तळाला मुद्दाम फुगवटा दिलेला असतो, त्याला बाउन्स म्हणतात; सँड वेजमध्ये तो साधारण दहा ते चौदा अंश असतो, आणि त्यामुळेच क्लब जमिनीत रुतत नाही. चौथी तऱ्हा तोंड साठ अंश कललेल्या लॉब वेजने चेंडू उंच उडवून जागीच थांबवण्याची.

इथे माझ्या मंद डोक्यात प्रकाश पडला. मी विचारले, "हात पुढे दाबले तर त्या फुगवट्याचे काय होते?" ते म्हणाले, "जितके अंश दांडा पुढे झुकेल तितका तो कमी होतो, पुढची धार जमिनीला भिडते." म्हणजे दुसऱ्या तऱ्हेत जे करायचे त्याने तिसरी मोडते. पहिल्या प्रशिक्षकाने हात पुढे ठेवा म्हटले होते आणि दुसऱ्याने पुढे ठेवू नका म्हटले होते, आणि दोघेही आपापल्या फटक्यापुरते बरोबर होते. चीफसाहेब मात्र तिसऱ्या तऱ्हेसाठी उभे राहत आणि झोका अर्ध्यावर असताना दुसरीची आठवण होऊन हात पुढे ढकलत. धार रुतत असे, आणि रुतेल या भीतीने पुढच्या वेळी मनगट वर उचकत असे. त्यांच्या हाताला दोन परस्परविरोधी हुकूम एकाच क्षणी मिळत होते, आणि आज्ञाधारक हाताने दोन्ही पाळायचा प्रयत्न केला तर झटक्याशिवाय दुसरे काय होणार?

मी त्यांना त्यांच्या जुन्या कामाबद्दल विचारले: बंदरातून निघताना इंजिन सुरू करण्याआधी काय काय तपासत होता? त्यांनी वंगणाचा दाब, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह, सुरू करायच्या हवेचा दाब अशी लांब यादी सांगितली. "आणि इंजिन सुरू होत असताना ही यादी पुन्हा उघडता का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा उघडली तर चीफ कसला?"

तंत्र बदला असे मी त्यांना सांगितले नाही. तो माझा अधिकार नव्हे. ठरवण्याची जागा मात्र आम्ही दोघांनी मिळून हलवली. चेंडूच्या मागे तीन पावले उभे राहून जमीन पाहायची, चेंडू ग्रीनवर जिथे पडायला हवा तो ठिपका निवडायचा, क्लब निवडायचा आणि मनात त्याचे नाव घ्यायचे. त्यानंतर एक काल्पनिक रेघ ओलांडून चेंडूकडे जायचे. रेघेच्या पुढे शंका आली तर फटका मारायचा नाही, मागे येऊन पुन्हा ठरवायचे. त्यात कमीपणा नाही. चेंडूवर उभे राहिल्यावर लक्ष फक्त त्या ठिपक्यावर. गाब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फच्या नवशिक्यांवर केलेल्या अभ्यासात, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक पडले होते. आमच्या पिढीला यासाठी अभ्यासाची गरज पडू नये. गल्लीवरची विटी कोलताना कोपर कुठे आहे हे कोणत्या पोराने पाहिले होते? जिथे कुणी झेलणार नाही ती मोकळी जागा डोळ्यांनी धरली की बाकीचे हात करत असे.

तऱ्हांची छाटणी त्यांनी स्वतः केली. पटिंगसारखी चिप ही मुख्य, तिच्यासाठी आठ नंबर, पिचिंग वेज आणि सँड वेज. बाउन्सची तिसरी तऱ्हा फक्त मध्ये बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, असेल आणि घरंगळायला जागाच नसेल तेव्हा. बाकी दोन सहा आठवडे बंद.

सरावाला त्यांनी भाट्येचा समुद्रकिनारा गाठला. भरपूर ओहोटी असताना पहाटे ओली वाळू फरशीसारखी टणक असते, आणि माणसांची वर्दळही नसते. तरीही त्यांनी प्लास्टिकचे हलके चेंडूच वापरले. आधी चेंडूशिवाय, टाचेने ओढलेल्या रेघेवर झोका घ्यायचा. धार रुतली की अरुंद आणि खोल चर उमटे. तळ सरकला की रुंद, उथळ पुसट पट्टा. दोन प्रशिक्षकांच्या वादातला फरक असा वाळूवर शेजारी शेजारी उमटलेला पाहून त्यांना जितके समजले तितके माझ्या एकाही बैठकीत समजले नव्हते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. प्रसिद्ध गोल्फपटू सेव्ह बॅलेस्टेरॉस लहानपणी स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर पेद्रेन्या इथे एकाच तीन नंबरच्या आयर्नने वाळूवर खेळत, ही गोष्ट त्यांना वर्षानुवर्षे माहीत होती, पण एका क्लबमधून अनेक फटके काढणे आणि अनेक क्लब घेऊन एका फटक्यापाशी अडणे यांतील अंतर तेव्हा जाणवले, असे ते म्हणाले.

पहिले पंधरा दिवस एकच फटका पुन्हा पुन्हा, आणि नंतर मात्र प्रत्येक चेंडूला वेगळे अंतर आणि वेगळा क्लब असे आम्ही ठरवले. या दुसऱ्या टप्प्यात ते चिडले, कारण जमलेले पुन्हा बिघडल्यासारखे वाटू लागले. सरमिसळ सरावात त्या वेळची कामगिरी खालावते, पण शिकलेले अधिक टिकते, हे शिया आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगापासून माहीत आहे, आणि ते मी त्यांना सराव सुरू होण्याआधी सांगायला हवे होते. उशिरा सांगितले.

दोनदा चेंडू लागल्याची लाज तरीही शिल्लक होती. त्यावर त्यांनीच एक औषध शोधले. १९८५ च्या अमेरिकन ओपनमध्ये शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे असलेल्या तैवानच्या टी. सी. चेन यांच्याकडून पाचव्या होलवर चिप मारताना हेच झाले. त्या होलवर त्यांना आठ फटके लागले आणि स्पर्धा एका फटक्याने गेली. तेव्हा त्याला दंडाचा एक फटका होता. २०१९ पासून नियम बदलला आणि असा अनवधानाचा दुहेरी स्पर्श एकच फटका धरला जातो. "नियमावलीने माफ केले," ते म्हणाले, "मीच केले नव्हते." डावा हात खाली धरून चिप मारून पाहू का, असेही त्यांनी एकदा संकोचाने विचारले. ही उलटी पकड मॅथ्यू फिट्झपॅट्रिक चिपसाठी वापरतात आणि ते २०२२ चे अमेरिकन ओपन विजेते आहेत, तेव्हा संकोचाचे कारण नव्हते. नव्या पकडीला जुन्या झटक्याची सवय नसते, एवढाच तिचा गुण आहे असे मला वाटते. त्यांनी आठवडाभर वापरली आणि सोडून दिली.

पाऊस सरल्यावर ते पनवेलला गेले. परतल्यावर सांगितलेला वृत्तांत संमिश्र होता. ग्रीन अजून ओलसर होती, आठ नंबरचा पहिला चेंडू चार पावले आधीच थांबला. एकदा रेघेवरून मागे यावे लागले. एकदा झटका आलाही. खेळ संपल्यावर चहाच्या वेळी त्यांनी मित्रांना पाठदुखीचे खरे कारण सांगितले. त्यावर एकाने कबूल केले की तो स्वतः दोन वर्षे चिप टाळण्यासाठी वीस पावलांवरूनही पटरच, म्हणजे चेंडू घरंगळवायचा क्लबच, काढतो, आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आले नव्हते.

आता ते तीन महिन्यांतून एकदा भेटतात. लॉब वेज मात्र त्यांनी कुणाला देऊन टाकलेली नाही. ती माडीवर छत्र्यांच्या शेजारी उभी आहे असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले, आणि ती तिथून हलवा असे मीही म्हटलेले नाही.