फोटोतली मी मला माझी का वाटत नाही? कुणासोबत मिळून पोर्ट्रेट काढलं तर स्वतःकडे बघण्यात फरक पडतो का?

पडतो. मी नाशिकला पोर्ट्रेट काढते आणि "ही मी वाटतच नाही" हे वाक्य मला सतत ऐकू येतं.

आधी साधी कारणं. आपल्या सवयीचा चेहरा आरशातला, म्हणजे डावं-उजवं उलटलेला. १९७७ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना स्वतःचे सुलट आणि उलटे असे दोन्ही फोटो दाखवले. जास्त जणींना उलटा आवडला, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलट. शिवाय हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक आहे त्याहून मोठं दिसतं. पाच-सहा फुटांवरून काढून बघा.

पण तुमचा प्रश्न नाकाचा नाही, हे कळतंय मला.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत. त्यांचा फोटो काढायला गेले आणि सरळ मशीनवर बसवलं. खिडकीतून उजेड सुंदर येत होता, फोटोही छान आला. तो बघून काकू म्हणाल्या, "अगं, मशीन नको. चाळीस वर्षं सगळे मला खाली मान घातलेलीच बघतायत." मला ते फार लागलं. त्या कोण आहेत हे मी दारातच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जागा त्यांनी ठरवली: गच्ची, संध्याकाळ, साधी खुर्ची, हात मोकळे. रिमोटही त्यांच्याच हातात दिला, मी फक्त उजेड आणि फोकस सांभाळला. पहिले पंधरा-वीस फोटो लग्नाच्या अल्बममधल्यासारखे अवघडलेले. मग गप्पांच्या ओघात बटण कधी दाबतोय याचं त्यांना भान राहिलं नाही. शेवटी त्यांनी जो निवडला तो मी कधीच निवडला नसता. हसू नाही, केस वाऱ्याने विस्कटलेले, नजर थेट. "ही मी," म्हणाल्या.

छायाचित्रकार गौरी गिल यांनी जव्हारच्या मुखवटे करणाऱ्या कलाकारांसोबत २०१५ पासून केलेलं काम जरूर बघा. बोहाडा म्हणजे तिथल्या आदिवासींचा मुखवट्यांचा उत्सव, त्यात देवादिकांचे मुखवटे असतात. इथे कलाकारांनी रोजच्या जगण्यातली माणसं, प्राणी, वस्तू यांचे मुखवटे नव्याने घडवले आणि तिथल्याच लोकांनी ते घालून आपल्या आयुष्यातले प्रसंग उभे केले. चेहरा झाकलेला आहे, तरी माझ्या लेखी ती अस्सल पोर्ट्रेट आहेत, कारण काय दाखवायचं यात त्या लोकांचाही हात आहे.

तुम्ही विश्वासातल्या मैत्रिणीला बोलवा. जागा, कपडे, क्षण तुम्ही ठरवा. निवड मात्र लगेच करू नका, आठवडा जाऊ द्या, त्या दिवशीची धाकधूक ओसरते. मग एक तुम्ही निवडा, एक तिला निवडू द्या आणि तिने तोच का उचलला, ते तिला विचारा.