परदेशात जेवताना शेंगदाण्याची ॲलर्जी

प्रश्न : माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. परदेशात बाहेर जेवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : ‘शेंगदाणे घालू नका’ एवढे वेटरला सांगून भागत नाही, कारण त्याच तेलात आधी तळलेल्या पदार्थाचा किंवा न धुतलेल्या झाऱ्याला चिकटलेला अंशही घातक ठरू शकतो. म्हणून तेल, भांडी आणि झारा यांचा स्पष्ट उल्लेख असलेले, तिथल्या भाषेतील कार्ड थेट स्वयंपाकघरात पाठवा. उत्तर मोघम आले, तर निःसंकोच उठा. युरोपीय संघात 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे, तरीही विचारावेच. डॉक्टरांनी दिलेली ॲड्रेनॅलिनची (तीव्र ॲलर्जीवरील तातडीचे औषध) दोन्ही इंजेक्शने खोलीवर नव्हे, जेवणाच्या टेबलापाशी असावीत. श्वास अडकू लागताच एक इंजेक्शन मांडीच्या बाहेरील बाजूस द्यावे आणि रुग्णवाहिका बोलवावी.